अमेरिकेतला लेक आणि विहिरीकडची पट्टी



आडसाली लागणीचे दिवस. मलकापुरात माझ्याकडे सकाळपासून बेण्याची चौकशी करणारी माणसे येत होती. को ८६०३२ कुठे मिळेल, बेणेप्रक्रिया कशाने करायची, सरी किती फुटांची सोडायची, हेच चालले होते. सगळी गेली तरी एक तात्या बाकावर बसूनच राहिले. सत्तरी ओलांडलेले, जुने बागायतदार. कराड-मलकापूरच्या मातीत त्यांची पावणेतीन एकर जमीन आहे. मला वाटले, खोडव्याचे काही असेल. तात्यांनी पिशवीतून सातबारा काढून टेबलावर ठेवला.

"साहेब, विहिरीकडची पट्टी पोराच्या नावावर बक्षीसपत्राने करायची हाय. आन शेजारचा तीस गुंठे इकतोय, तेबी पोरगाच घेनार हाय. पैसे तिकडनं पाठवतोय. कागद कसा करायचा, तेवढं सांगा."

तात्यांचा मुलगा अमेरिकेत. गेली अठरा वर्षे तिकडेच आहे. मी विचारले, "तात्या, पोराचा पासपोर्ट कुठला?"

तात्या जरा घुटमळले. "झाला की आता तिकडचा. चार वर्सं झाली. पन त्येच्याकडं हिकडचं बी कार्ड हाय. त्येच्यावर नागरिक म्हनूनच लिवलंय."

मी विचारले, "शेजाऱ्याला इसार दिला?"

"अजून न्हाई. येत्या सोमवारी देनार."

मी म्हणालो, "तो सोमवार पुढे ढकला."

बंधूंनो, मी शेतीचा पदवीधर, वकील नव्हे. पण विस्ताराच्या नोकरीत तीस वर्षे बांधाबांधाने फिरलो की खताबरोबर खातेफोडही शिकावी लागते. हाच प्रश्न गेल्या काही वर्षांत माझ्याकडे पाच-सात घरांतून आला. आपल्या भागातली मुले शिकली, पुण्या-बंगळूरला गेली, तिथून अमेरिकेत, आखातात, ऑस्ट्रेलियात पोचली. मुलगा परदेशात घर घेतो तेव्हा तो तिथला कायदा दहा वेळा तपासून घेतो. गावाकडची जमीन घेताना मात्र काहीच विचारत नाही, कारण ती आपलीच वाटते. कायद्याच्या लेखी तो त्या घडीला आपल्याच गावात परका असतो, हे त्याच्याही ध्यानात येत नाही आणि बापाच्याही.

आधी त्या कार्डाचे सांगतो. आपला देश दुहेरी नागरिकत्व मानत नाही. दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वतःहून घेतले की भारताचे संपते. त्यानंतर जे कार्ड मिळते त्याला लोक 'ओसीआय कार्ड' म्हणतात. त्याच्या नावात नागरिक हा शब्द आहे, पण ते नागरिकत्व नव्हे. त्यावर आयुष्यभर व्हिसाशिवाय येता-जाता येते, इथे राहता येते. मतदान करता येत नाही, आणि शेतजमीन विकत घेता येत नाही.

तात्या म्हणाले, "म्हंजे त्येनं पासपोर्ट बदलला म्हनून हे झालं?"

तेवढ्याने नव्हे. पासपोर्ट भारताचाच असला, पण मुलगा नोकरीधंद्यासाठी बाहेर राहत असला, तरी नियम तोच. हा परकीय चलनाचा कायदा आहे. लोक त्याला 'फेमा' म्हणतात. तो १९९९ साली झाला आणि १ जून २००० पासून लागू आहे. त्यात पासपोर्टाइतकीच विचारपूस राहण्याच्या ठिकाणाची होते. अनिवासी भारतीय असो की कार्डवाला, दोघांनाही इथे राहते घर घेता येते, दुकानाचा गाळा घेता येतो. शेतजमीन, मळ्याची जमीन आणि फार्महाऊस या तीन गोष्टी मात्र विकत घेता येत नाहीत. फरक एवढाच, की भारताचा पासपोर्ट ज्याने राखला तो कायमचा परत आला की त्याला रस्ता मोकळा. म्हणून बाकी काही बोलण्याआधी पोराला फोन लावून पासपोर्ट कुठला आणि परतायचे मन आहे का, हे दोन प्रश्न विचारावेत.

इथे पुष्कळ जण एक वाद घालतात. आम्ही पिढ्यान् पिढ्या शेतकरी, पोराचे नाव आजोबाच्या सातबाऱ्यावर आहे, मग तो शेतकरी नाही का? आहे. महाराष्ट्राच्या १९४८ च्या कुळकायद्यात बिगरशेतकऱ्याला जमीन विकण्यास बंदी आहे, त्या कायद्यापुरता त्याचा दाखला चालेल. पण ती झाली राज्याची चाळण. दिल्लीची चाळण वेगळी आणि तिची भोके बारीक. दोन्हींतून पार पडल्याशिवाय खरेदीखत टिकत नाही. रिझर्व्ह बँकेकडे खास परवानगी मागता येते, पण त्या भरवशावर इसार द्यावा असे मी कुणाला सांगणार नाही.

तात्यांचा खरा हिरमोड झाला तो बक्षीसपत्राच्या बाबतीत. महाराष्ट्रात २०१५ पासून बापाने मुलाला किंवा मुलीला शेतजमीन बक्षीस दिली तर मुद्रांक नाममात्र लागतो. त्यामुळे हयातीतच बक्षीसपत्र करून मोकळे व्हायची रीत पडली आहे. इथे राहणाऱ्या मुलाला द्या, काही अडचण नाही. परदेशी राहणाऱ्या मुलाला घर बक्षीस देता येते, शेतजमीन देता येत नाही. ती त्याला एकाच वाटेने मिळते, ती म्हणजे वारसा. बाप गेल्यावर वारसाहक्काने किंवा मृत्युपत्राने आलेली शेतजमीन तो खुशाल ठेवू शकतो, मग पासपोर्ट अमेरिकेचा का असेना.

"म्हंजे मी मेल्याबिगर न्हाई?" तात्यांनी विचारले.

मी काय उत्तर देणार? चहा सांगितला.

आता एक घरची गोष्ट सांगतो. ती सांगताना माझी मान खाली जाते, पण सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही.

माझे थोरले मामा कृष्णाकाठच्या गावचे. दोन मुलगे, एक मुलगी. थोरला घरची शेती करायचा, धाकटा अमेरिकेत गेला. २००८ साली नदीकडची दोन एकर काळी जमीन विकाऊ निघाली. धाकट्याने तिकडून पैसे पाठवले. कुणाच्या नावावर घ्यायची, असे मामांनी मला विचारले. भाचा शेतकी खात्यातला, म्हणजे त्याला सगळे कळते, अशी त्यांची समजूत. मी बांधावर उभा राहून सांगितले, "तुमच्याच नावावर घ्या की. पुढचं पुढं बघू." खरेदीखत मामांच्या नावावर झाले. धाकट्याने तिकडून फोनवर पेढे वाटायला सांगितले.

२०१६ साली मामा गेले. मृत्युपत्र नव्हते. जमीन मामांनी स्वतःच्या नावावर विकत घेतलेली, म्हणून कायद्याने वारस चार, मामी, दोन मुलगे आणि मुलगी. ऐंशी गुंठ्यांचे सरळ चार वाटे, प्रत्येकी वीस. धाकटा आला तो बँकेचे कागद घेऊनच. पैसा माझा, तर जमीन माझी, असे त्याचे म्हणणे. माणुसकीने पाहिले तर त्याचे खोटे नव्हते.

आम्ही वकिलाकडे गेलो. त्यांनी कागद पाहिले आणि धाकट्याला विचारले, "तुम्ही वडिलांना पैसे दिले ते भेट म्हणून, की जमीन तुमच्यासाठी घ्यावी म्हणून?" हा प्रश्न साधा दिसतो, पण पेच सगळा त्यातच आहे. भेट म्हणून दिले म्हटले, तर पैसा मामांचा झाला, जमीन मामांची झाली आणि त्याचा हिस्सा पाव. माझ्यासाठी घेतली म्हटले, तर परदेशी राहून दुसऱ्याच्या नावाने शेतजमीन घेतल्याची ती कबुली. त्यात फेमाखाली गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो, आणि बेनामी व्यवहाराचा १९८८ चा कायदा २०१६ साली दात लावून कडक झाला आहे, त्याचेही बोट लागते. धाकटा बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "भेट म्हणून."

बहीण बिचारी शहाणी. पैसे दादाचे, मला नको, मी हक्कसोड करते, म्हणाली. वकिलाने तिथेही हात आखडता घेतला. हिस्सा फुकट सोडणे हे बक्षिसाच्याच वळणावर जाते, परदेशी भावाच्या नावे नको. आईच्या नावे सोडा, आईने पुढे मृत्युपत्र करावे. तिने तसे केले. थोरल्या भावाने मात्र सही केली नाही. त्याचेही ऐकावे लागते. आठ वर्षे त्याने ती जमीन सांभाळली, चर काढले, मळी टाकली, चिबड काढले. "पैसा त्याचा, घाम माझा. घामाचं काय?" असे तो मला विचारतो, आणि माझ्याकडे त्याचे उत्तर नाही. दोघा भावांचे बोलणे अजून फक्त मामींच्या आजारपणापुरते आहे. २००८ साली मी मामांना म्हणालो असतो, "घ्या, पण त्याच आठवड्यात मृत्युपत्र लिहा आणि थोरल्याच्या घामाचे त्यात काहीतरी मांडा", तर हे टळले असते.

दुसऱ्याच्या नावावर जमीन घ्यायची ही शक्कल काही आपल्या जिल्ह्यात निघालेली नाही. शंभर वर्षांपूर्वी आपलीच माणसे अमेरिकेत याच पेचात सापडली होती. पंजाबातले शेतकरी कॅलिफोर्नियात मजुरीला गेले आणि हळूहळू तिथे कापूस, भात, खरबुजे पिकवू लागले. तिथल्या सरकारने १९१३ साली कायदा केला, की ज्याला अमेरिकेचे नागरिक होता येत नाही त्याने शेतजमीन घ्यायची नाही. १९२० साली तो आणखी आवळला. १९२३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की हिंदुस्थानी माणसाला नागरिक होताच येत नाही. मग या लोकांनी काय केले? ओळखीच्या गोऱ्या माणसाच्या नावावर जमीन घेतली. अनेकांनी मेक्सिकन बायकांशी लग्ने केली होती. त्यांची मुले अमेरिकेत जन्मलेली, म्हणून नागरिक. त्या तान्ह्या मुलांच्या नावावर जमीन करून बाप पालक म्हणून कसत राहिला. १९४६ साली नागरिकत्वाचे दार उघडले आणि १९५२ साली तो कॅलिफोर्नियाचा कायदाच न्यायालयाने रद्द केला. मधली तीस वर्षे मालकी दुसऱ्याच्या इमानावर टांगलेली. दिवस कसे उलटे फिरतात पाहा. आज तात्यांचा मुलगा अमेरिकेत घर विकत घेऊ शकतो, आणि विहिरीकडची पट्टी घेऊ शकत नाही.

ताजे उदाहरण जॉर्जियाचे. हा काळ्या समुद्राकाठचा छोटा देश. २०१२-१३ च्या सुमारास पंजाबातले बरेच शेतकरी स्वस्त जमीन मिळते म्हणून तिथे गेले. तिथल्या लोकांना धास्ती बसली, की आपली जमीन परक्यांच्या हाती चालली. २०१३ साली सरकारने परदेशी माणसाला शेतजमीन विकणे तहकूब केले. २०१४ साली तिथल्या न्यायालयाने ती बंदी उठवली, आणि शेवटी राज्यघटनेतच दुरुस्ती होऊन २०१८ च्या अखेरीपासून परदेशी माणसाला तिथे शेतजमिनीची मालकी बंद झाली. आपल्याकडेही अशीच धास्ती आहे. गोव्यात परदेशी लोकांनी कंपन्या काढून जमिनी घेतल्याचा बोभाटा झाला, चौकशा लागल्या. २०२३ साली तर गोव्याने भातशेतीची जमीन बिगरशेतकऱ्याला विकण्यावरच कायद्याने बंधन आणले.

माझे मत विचाराल तर हा नियम मला मुळात वाईट वाटत नाही. महामार्गाकडेच्या जमिनीचे भाव आताच असे आहेत, की इथे राबणाऱ्या पोराला दहा गुंठे घेणे होत नाही. त्यात डॉलर उतरला तर त्याने बांधावर नुसते उभे राहून बघायचे. पण नियम बरा असला तरी तो तात्यांच्या घरात शिरतो तेव्हा टोचतो, हेही खरे.

गैरसमज नको म्हणून सांगतो, 'झाले ते झाले, कोण बघतोय' असेही समजू नका. बंगळूरच्या एका मिळकतीचे प्रकरण आहे. परदेशी नागरिक असलेल्या एका विधवा बाईंनी १९७७ साली ती रिझर्व्ह बँकेची परवानगी न घेता बक्षीस दिली. तेव्हा १९७३ चा जुना 'फेरा' कायदा होता. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली ते बक्षीस ग्राह्य नाही असा निकाल दिला. मध्ये चव्वेचाळीस वर्षे गेली होती.

मुखत्यारपत्राची पळवाटही कुणी सुचवील. परदेशातून मुखत्यारपत्र पाठवायचे आणि इथे चुलत्याने खरेदी करायची. जे मालकाला करता येत नाही ते मुखत्याराला कुठून करता येणार? नुसत्या मुखत्यारपत्रावर जमिनीची मालकी फिरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ सालीच स्पष्ट केले आहे. वारसाने आलेल्या जमिनीची नोंद करणे, पाणीपट्टी भरणे, ती विकणे, यासाठी मात्र मुखत्यारपत्र उपयोगी पडते. परदेशात केलेले असेल तर ते इथे आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरून घ्यावा.

तात्यांना मी जे सांगितले ते असे. बक्षीसपत्र राहू द्या. मृत्युपत्र करा. त्याला मुद्रांक लागत नाही. दोन साक्षीदार हवेत, आणि ज्याला जमीन मिळणार त्याला किंवा त्याच्या बायकोला साक्षीला घेऊ नका. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकांकडे करून टाकलेली बरी. डॉक्टरचा एक दाखला जोडा, म्हणजे म्हातारा भ्रमिष्ट झाला होता असे मागून कुणी म्हणायला नको. वडिलार्जित जमिनीत फक्त आपला स्वतःचा हिस्सा लिहून देता येतो, सगळी नव्हे. तो किती ते वकिलाकडून आधी काढून घ्या. गट नंबर लिहा, विहीर कुणाची आणि पाण्याची पाळी कशी ते लिहा. आपली माणसे गुंठे लिहितात, पाणी विसरतात आणि मग भांडण पाण्यावरून होते.

पुढे तुमच्या माघारी पोराने तीन महिन्यांच्या आत वारसाची खबर द्यावी. सातबाऱ्यावर नाव लागले तरी पीएम किसानचा अर्ज त्याने करू नये, अनिवासी माणसाला ती मदत नाही. कधी विकायची झाली तर ती जमीन भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते. आलेला पैसा बँकेच्या अनिवासी खात्यात जातो आणि तिथून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतो. आपल्या दहा-वीस गुंठ्यांना ती मर्यादा कधी आडवी येणार नाही.

आणि पोराला गावात काही तरी स्वतःचे हवेच असेल, तर मलकापुरात किंवा कराडात घर घ्यावे, बिगरशेती झालेला प्लॉट घ्यावा. 'बिगरशेती होणार आहे' असे सांगणाऱ्याकडचा नव्हे, झालेला. आदेशाची प्रत हातात घेऊन मगच पैसे द्यावेत.

तात्यांनी सगळे ऐकले. मग हळूच म्हणाले, "पोरगा पट्टीसाठी हटून न्हाई बसला, साहेब. नातू मागल्या उन्हाळ्यात आला हुता. विहिरीत पवायला शिकला. जाताना म्हनला, आजोबा, ही माझी हाय न्हवं?"

मी विचारले, "आणि कासेगावला दिलेली लेक?"

"तिनं कवाच काय मागितलं न्हाई."

मी म्हणालो, "मागितले नाही म्हणून तिचे नाव कागदात राहून जाऊ देऊ नका. काही द्यायचे असेल तर लिहून द्या. नसेल द्यायचे, तर तेही तिला समोर बसवून सांगा."

परवा तात्या बेणे न्यायला आले होते. इसार दिलेला नाही. शेजारी यंदाच्या उसाचे बिल होईपर्यंत थांबायला तयार आहे. तीस गुंठे तात्या स्वतःच्याच पैशांनी घेणार, पोराचा एक डॉलर नको म्हणतात. मृत्युपत्राचा मसुदा वकिलाकडे आहे. त्यात विहिरीकडची पट्टी मुलाला, रस्त्याकडचे वीस गुंठे लेकीला, आणि विहिरीचे पाणी आठवड्यातले दोन दिवस लेकीच्या पाळीला असे लिहिले आहे. दोन दिवसांचे तीन करावेत असे तात्यांच्या मंडळींचे म्हणणे पडले. त्यावर अजून घरात बोलणे चालू आहे.